सॉर्ट केलेलं गाऱ्हाणं

वडिलांना पक्षाघात झाला त्याला आता दीड वर्ष झालं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळतं सगळं, आणि डावा हात चालतो, पण त्याने लिहिता येत नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दुसरी गोष्ट अशी, की आमच्या वाडीचं गाऱ्हाणं त्यांच्याशिवाय कुणालाही येत नाही, आणि ते लिहून ठेवायचं काम पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. मी ते वेळेत केलं आणि नीटनेटकं केलं. नीटनेटकं केलं तिथेच वाट लागली.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते थोडक्यात. तळकोकणात कुठलंही कार्य सुरू करताना एक जाणता माणूस नारळ पुढे ठेवून देवांना हाक मारतो आणि आपलं म्हणणं त्यांच्या कानावर घालतो. जमलेले लोक प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आधी सगळ्या देवांची नावं घ्यायची असतात. ग्रामदैवत, वाडीतल्या जागा, वेशीवरचे, खाडीवरचे, कुणी सुटता कामा नये. आणि ती मानाच्या क्रमाने घ्यायची. हा क्रम गावाच्या नकाशावरून लागत नाही, देवळाच्या आकारावरून तर नाहीच. कधीतरी कुणीतरी ठरवलेला, तोंडातून तोंडात आलेला. लग्नात आहेर आधी कुणाला दिला यावरून माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत, इथे तर देव आहेत.

आमच्या वाडीतली अकरा घरं आता कुलपात आहेत. माणसं सगळी इकडे, भांडुप-मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत. गिरणी बंद पडल्यावर वडील मुलुंडच्या एका कारखान्यात वॉचमन होते, पण वाडीच्या मुंबईतल्या मंडळाच्या पूजेला गाऱ्हाणं त्यांचंच. पन्नाशी उलटल्यावर त्यांना काळजी लागली. म्हणायचे, "माझ्यामागे कोण सांगतलो? माझ्या जिवंतपणी दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडातून एकदा बरोबर ऐकाक होया." मागणी एवढीच होती. माझ्या भावाला तेव्हा मालवणी नीट समजतही नव्हती, म्हणून आधी लिहून काढायचं ठरलं, आणि घरात टायपिंग येणारी मी.

मी टाइपरायटरवर शिकले. दहावीनंतर मुलुंडला एका क्लासमध्ये, जिन्याखालच्या खोलीत, आठ यंत्रं एकदम खडखडत असायची. मला न विचारता ज्याने काहीही केलं नाही असं माझ्या आयुष्यातलं ते शेवटचं यंत्र. चूक झाली की पांढरी शाई लावायची आणि वाळेपर्यंत फुंकर मारत बसायचं. त्या फुंकरीच्या वेळात आपण काय केलं याचा विचार करता यायचा. पुढच्या सगळ्या यंत्रांनी तेवढा वेळ आधी काढून घेतला.

अंधेरीला एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या कंपनीत लागले तेव्हा कॉम्प्युटरची वेगळी खोली होती. एसी फक्त तिथे. चपला बाहेर काढायच्या. देव्हाऱ्यासमोरसुद्धा आम्ही एवढं सोवळं पाळत नव्हतो. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि कुठलं बटण कशाचं हे लक्षात राहावं म्हणून कीबोर्डच्या वर चिकटवलेली प्लॅस्टिकची पट्टी. मराठीचं नाव नाही. पण मधली एक ओळ काढली, की खालच्या सगळ्या ओळी आपोआप वर सरकायच्या. मी शाळेपासून याद्या करणारी. खाडाखोड झाली की अख्खी यादी पुन्हा लिहिणारी. त्या दिवशी घरी जाऊन आईला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "बरं, जेव."

मग मराठी सॉफ्टवेअर आलं. कामगारांच्या नोटिसा मराठीत काढायच्या म्हणून साहेबांनी ते घेतलं. कॉम्प्युटरच्या पाठीमागे काडेपेटीएवढा एक ठोकळा लावल्याशिवाय ते सुरू होत नसे, आणि ठोकळा साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. म्हणजे मराठी लिहायची असली की आधी किल्ली मागायची. मी मागितली. शनिवारी हाफ डे झाल्यावर घरचं एक काम करू का म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, "करा, पण कागद तुमचा."

त्याआधी दोन रविवार मी वहीत उतरवून घेत होते. वडील आंघोळ करून पाटावर बसायचे आणि सुरू व्हायचे. पण त्यांना ते सावकाश सांगता येत नव्हतं. एका दमात, वाहत्या पाण्यासारखं यायचं. मध्ये थांबवलं की परत पहिल्यापासून.

"बाबा, थांबा. पावणाईच्या नंतर कोण म्हणालात?"

"अगो, तू अडवलंस. आता माका म्हायत नाय. परत सांगतंय."

असं पाच वेळा झालं. पाचव्या खेपेला माझ्या लक्षात आलं की काही नावं दोनदा येतायत.

"बाबा, निवतकार मगाशी एकदा झाला."

"झालो."

"आता परत घेतलात."

"घेतलंय."

"मग दोनदा लिहू?"

"तू लिव गो. शाळा कोणाक शिकवतंस?"

मी लिहिलं. चौतीस नावं झाली. शनिवारी ऑफिसात ती जशीच्या तशी टाइप केली, अगदी वहीतल्या क्रमाने. तेवढ्यावर उठले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण ती तीन दुबार नावं मला टोचत होती. वय झालं, गोंधळ होतो, असं मी मनाशी ठरवलं. दुबार नाव शोधायची ऑफिसातली माझी पद्धत ठरलेली होती: यादी निवडायची, मेनूतून सॉर्ट द्यायचं, सारखी नावं शेजारी शेजारी येतात, एक उडवायचं. कामगारांच्या हजेरीला मी हेच करत असे. देवांनाही तेच केलं. एकतीस उरले. समास नीट केले, नावांना अनुक्रमांक दिले, छापलं, फ्लॉपीवर ठेवलं, फ्लॉपीवर लेबल लावलं. घरी येऊन वही फाडली. जे कॉम्प्युटरवर चढलं त्याचा कागद घरात ठेवायचा नाही, हा माझा नियम होता.

वडिलांनी तो छापील कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि देवाच्या फोटोमागे ठेवून दिला. वाचला नाही.

"बघा तरी, बरोबर आहे का."

"माका कित्याक? माका पाठ आसा. ह्यां तुमका."

पुढची पंचवीस वर्षं मी ती फाइल सांभाळली. खरंच सांभाळली. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर, तिथून मेलमध्ये, मेलमधून आता जिथे ढगात वगैरे असतं तिथे. दरम्यान सॉफ्टवेअर दर तीन-चार वर्षांनी घर बदलल्यासारखं वागत होतं. मेनू पाठ झाले की मेनू जायचे. एका वर्षी 'फाइल' हा शब्दच गायब झाला आणि कोपऱ्यात एक गोल बटण आलं. ऑफिसातल्या आम्ही चौघी जणी दोन दिवस प्रिंट कशी काढायची ते शोधत होतो. मग पडद्यावर पट्टी आली, पट्टीत शंभर चित्रं, आणि मला लागणारं चित्र नेहमी दुसऱ्या पट्टीत. मी 'मा.' लिहिलं की पुढचं अक्षर ते स्वतःच्या मनाने मोठं करू बघायचं. क्रमांक एक दिला की दोन ते देऊन टाकायचं, नको म्हटलं तरी. मला त्याचा राग यायचा, पण त्याचा स्वभाव ओळखीचा वाटायचा.

एकदा नव्या मशीनवर फाइल उघडली तर रवळनाथाच्या जागी डॉलरचं चिन्ह, दोन कंस आणि टोपी घातलेला ए. जुना फॉन्ट नवीन मशीनला कळत नव्हता. मग ती नव्या पद्धतीच्या मराठीत फिरवून घ्यावी लागली. त्यात वेलांट्या उड्या मारून शेजारच्या अक्षरावर बसल्या. मी एका रविवारी एकतीस नावं एकेक अक्षर तपासून दुरुस्त केली. अक्षरं तपासली. क्रम तपासायचा असतो हे डोक्यातही आलं नाही.

या वर्षी मंडळाने ठरवलं की पूजेला गाऱ्हाणं माझ्या भावाने घालावं. तो पवईला एका ऑफिसात कामाला आहे, चांगला धिप्पाड, आवाज खणखणीत. मी त्याला प्रिंट दिली. पहिला सराव वडिलांच्या खाटेशेजारी करायचा, हेही माझंच नियोजन. त्यांची पंचवीस वर्षांची इच्छा होती ना. मी उशी उंच करून त्यांना बसवलं.

भावाने घसा साफ केला आणि सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा..." आणि पहिलं नाव वाचलं. खाडीवरचो देवचार.

वडिलांचा डावा हात चादरीवर आपटला.

"ताई, बाबांना आवडलं वाटतं."

"पुढे वाच."

दुसरं नाव, हात आपटला. तिसरं, हात आपटला. दहाव्या नावापर्यंत ते जोरजोरात आपटत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. भाऊ थांबला. त्याने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला.

"ताई, रवळनाथ कितवा आहे?"

"एकोणिसावा."

"आपलं ग्रामदैवत एकोणिसावं? विहीर आणि वेशीच्या मध्ये? आणि पहिला कोण, तर ज्याला आपण विडी ठेवतो तो? कशाच्या आधारावर लावलंस हे?"

मला त्या क्षणी तो शनिवार आठवला. सॉर्ट. मी म्हटलं, अकारविल्हे लागलं असेल. तेवढी तरी इज्जत राहावी. पण तेही नव्हतं. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून यादी पुन्हा पाहिली. ख आधी, मग आ, मग भ, मग परत ग. तो जुना फॉन्ट वरून मराठी दाखवायचा, आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असायची. सॉर्टने ती आतली बघून रांग लावली होती.

"म्हणजे आपले देव तू इंग्रजी कीबोर्डप्रमाणे उभे केलेस," भाऊ म्हणाला.

"मी नाही, सॉर्टने."

"सॉर्ट कुणी दिलं?"

वडील आतल्या खोलीत अजून हात आपटत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. आधी फ्लॉपी. माळ्यावर होती, लेबलसकट. घाटकोपरला स्टेशनबाहेर एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे अजून ड्राइव्ह आहे असं कळलं. त्याने फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली.

"मॅडम, ही तर संग्रहालयातली चीज आहे."

"चालेल का?"

"चालवून बघू ना."

चालली. फाइल उघडली. त्याने कुठूनसा तो फॉन्टही घातला, आणि पडद्यावर खाडीवरचा देवचार पहिला.

"याच्या आधीची प्रत नाही का?"

"तुम्ही त्याच नावाने सेव्ह केलंय. वरचं चढलं, खालचं गेलं."

"अन्डू नाही होणार?"

तो हसला. वाईट हेतूने नाही. "पंचवीस वर्षांचं अन्डू, मॅडम?"

मग गावाला फोन. देवळातला गुरव त्याचं स्वतःचं गाऱ्हाणं घालतो, आमच्या वाडीचं वेगळं, त्याला अर्धी नावंच माहीत नव्हती. मग मंडळाच्या पूजांचे व्हिडिओ गोळा केले. पाच मिळाले. प्रत्येकात वडिलांची पाठ, फुगे, आणि पोरांचा 'व्हय म्हाराजा'चा असा गोंगाट की त्याखाली एक नाव ऐकू येत नाही. एकात तर मध्येच माइकवरून लकी ड्रॉचा मिक्सर कुणाला लागला ते सांगतात.

उरले वडील. मी चिठ्ठ्या केल्या. एकतीस चिठ्ठ्या, मोठ्या अक्षरात, आणि पुन्हा येणाऱ्यांसाठी तीन जादा. एक नाव वाचायचं. हात आपटला तर चूक, गप्प राहिला तर बरोबर. रवळनाथ वाचलं, हात गप्प. पावणाई, गप्प. संध्याकाळपर्यंत अकरा नावं लागली. मी ती लगेच टाइप केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी तीच अकरा वाचली. चौथ्याला हात आपटला. चौथं बदललं, मग सहाव्याला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्यालाच. पावणाईला, जिला दोन दिवस ते गप्प होते. मी चिठ्ठ्या खाली ठेवल्या. त्यांना तुकड्या-तुकड्याने ते कधीच येत नव्हतं. एका दमात यायचं, अडवलं की परत पहिल्यापासून. आता पहिल्यापासून सुरू करायला तोंड नव्हतं, आणि मी त्यांना प्रत्येक नावाशी अडवत होते. ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. शाळेत उत्तर येत नसलेलं मूल बघतं तसे. माझ्या वडिलांना मी तसं पहिल्यांदा पाहिलं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसात फाइल उघडून बसले. आताचं सॉफ्टवेअर सगळं जपतं. कुणी, कुठल्या मिनिटाला, कुठला शब्द बदलला, सगळं उजवीकडे रंगात दिसतं. सोमवारची यादी, मंगळवारची, बुधवारची. तिन्ही चुकीच्या, तिन्ही सुरक्षित. खालून एक चौकट वर आली. हल्ली ती सारखी येते. तिने विचारलं, ही यादी अधिक सुटसुटीत करू का? दुबार नोंदी काढून टाकू का?

मी मशीन बंद केलं. शेजारची म्हणाली, "काय गं, हँग झालं?" मी म्हटलं, "हो."

पूजा पंधरा दिवसांवर होती. भावाने विचारलं, "मग काय म्हणू मी?" मी सांगितलं, पहिली चार आपल्या अंदाजाने घे, बाकीची जुन्या छापील कागदाप्रमाणे.

"बाबांना नको न्यायला," तो म्हणाला.

पण त्यांना न्यायचंच होतं. मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला होता. आणि तयारी दिसल्यावर त्यांनी डाव्या हाताने स्वतः शर्टाचं वरचं बटण लावायला घेतलं, तेव्हा नाही कोण म्हणणार?

मुलुंडच्या शाळेचा हॉल, खुर्च्या भरलेल्या. वडिलांची व्हीलचेअर पुढे, मी शेजारी. भाऊ नारळ घेऊन उभा राहिला. आवाज छान लागला. पहिल्या चार नावांना वडील शांत होते. पाचव्याला हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. सगळा हॉल म्हणाला, "व्हय म्हाराजा!" सहाव्याला आपटला. "व्हय म्हाराजा!" सातव्याला. मंडळाचे सेक्रेटरी मागून माझ्या कानाशी वाकले. भांडुपचे, वडिलांचे जुने चाहते, डोळे भरून आलेले.

"बघ गो, काकांचो हात कसो ताल धरता! वाचा गेली, पण गाऱ्हाणां विसरले नाय."

दोन-तीन जणांनी मोबाइल पुढे केले. पोरं हाताच्या ठेक्यावर टाळ्या देऊ लागली. मी तो हात माझ्या दोन्ही हातांत धरला. माझ्या मुठीत तो आपटतच राहिला, एकतिसाव्या नावापर्यंत. भाऊ एकदाही आमच्याकडे बघत नव्हता.

जेवणाच्या पंगतीत लोक येऊन सांगत होते, झकास झालं, अगदी काकांसारखं. सेक्रेटरी म्हणाले, "ती फाइल टाक ना ग्रूपवर. तू लिवून ठेवलंस म्हणान र्‍हवला."

मी टाकली. वर ठळक अक्षरात एक ओळ लिहिली: यातला क्रम खात्रीचा नाही, कुणाला मूळ क्रम माहीत असल्यास कृपया कळवावं. चाळीस अंगठे आले, जोडलेले हात आले. कळवलं कुणीच नाही. कळवणार कोण?

महिन्याभराने गावाहून ग्रूपवर फोटो आला. आमच्या वाडीच्या घुमटीत, म्हणजे छोट्या देवळात, खांबाला लॅमिनेशन केलेला कागद. माझे समास, माझे अनुक्रमांक. माझी वरची ओळ नाही. मी सेक्रेटरींना फोन लावला.

"ती ओळ कुठे गेली?"

"काढली गो. देवाच्या दारात 'खात्रीचा नाही' असां बरां दिसता काय? आणि ती काढल्यान सगळां एका पानात बसला. फॉन्ट पण मोठो केलो."

"पण तो क्रम खरंच चुकीचा आहे."

"आता पोरां त्याच्यावरसून पाठ करतत. चार जणांचा झाला पण. तू आता मधी काय काढू नको."

वडिलांना रोज संध्याकाळी गावचे फोटो लागतात. चहा झाला की डाव्या हाताने माझ्या फोनकडे बोट करतात, आणि मी एकेक दाखवत जाते: खाडी, भात, कुणाचं नवीन छप्पर. घुमटीचा फोटो मी फोनमधून काढून टाकला आहे. ग्रूपवर तो अजून आहे, म्हणून ग्रूप उघडताना मी फोन जरा माझ्याकडे वळवते. ते थांबतात, मी फोन परत त्यांच्याकडे वळवेपर्यंत.